गीझर, सोलर, गॅस की हीट पंप? प्लॅस्टरच्या आधी ठरवायचं गरम पाणी

मामेभावाचं घर कोरेगावला चाललंय. मागच्या आठवड्यात त्याचा फोन. "दादा, स्लॅब भरला, विटकाम उरकत आलंय. प्लंबर विचारतोय गरम पाण्याचं काय करायचं. मी म्हटलं, नंतर बघू."

मी म्हटलं, त्याला उद्या सकाळीच थांबव. 'नंतर बघू' म्हणूनच मी फसलो होतो.

साताऱ्याला घर बांधलं तेव्हा गरम पाण्याचं यंत्र म्हणजे पंखे-ट्यूबलाइटसारखं सगळ्यात शेवटी दुकानातून आणायचं, अशी माझी समजूत. शेवटी सोलर आणला. तोवर गच्चीवर मोकळी जागा उरली होती ती पश्चिमेच्या कोपऱ्यात, आणि दोन्ही बाथरूम पूर्वेला. पाइप कठड्याच्या कडेकडेने फिरवून नेला, वर कसलंही आवरण नाही. पहिल्या डिसेंबरात हात भाजेल असं पाणी टाकीत आणि नळाला बर्फ. एकदा बादली लावून मोजलं, हाताला कोमट लागेपर्यंत दहा लिटर गार पाणी वाहून जातं. रोज. बायकोने ते पाणी जास्वंदीला घालायला सुरुवात केली. जास्वंद झकास आहे.

तेव्हा कुठलं यंत्र चांगलं या वादात शिरण्याआधी एवढं लक्षात घ्या, की यंत्र दहा वर्षांनी बदलता येतं, भिंतीतली लाइन बदलायची तर टाइल्स फोडाव्या लागतात. खालची सगळी तुलना त्या नजरेने वाचा.

एका बादलीचा हिशेब

दुकानदार लिटर, किलोवॅट, स्टार असं बोलतो. आपण बादलीत बोलू. २० लिटरची बादली, हिवाळ्यात टाकीतलं पाणी २२ अंश, आंघोळीला लागतं ४० अंश. एवढं तापवायला साधारण ०.४२ युनिट उष्णता लागते. इकडेतिकडे वाया जाणारी धरून अर्धं युनिट म्हणा. वीजबिलात वहन आकार, इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्क मिळवल्यावर वरच्या टप्प्यातलं युनिट किती रुपयांना पडतं ते स्वतःच्या बिलावर बघा. मी इथे १२ रुपये धरतो. म्हणजे विजेच्या गीझरवर एक बादली ६ रुपयांना.

गॅसवर तीच बादली अडीच-तीन रुपयांत होते. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये अशा सुमारे ३०० बादल्या निघतात, सिलिंडर ९०० रुपये धरला आहे. हीट पंपावर, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकणाऱ्या यंत्रावर, दोन-सव्वादोन रुपये. सोलरवर शून्य, पण ज्या दिवशी ऊन असेल त्या दिवशी. पाच माणसांच्या घरात आंघोळी, पाहुणे, थोडी भांडी मिळून रोज आठ बादल्या धरल्या, तर नुसत्या गीझरवर महिन्याला १,४०० रुपयांच्या पुढे जातात. एवढी रक्कम डोक्यात ठेवली की पुढचं सोपं जातं.

विजेचा गीझर: काहीही घेतलंत तरी हा लागणारच

गीझर विरुद्ध सोलर असा सामना लावतात तो मला कधीच पटला नाही. जुलैत पंधरा दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा सोलरवालाही गीझरच लावतो. म्हणून प्रत्येक बाथरूममध्ये गीझरचा पॉइंट काढायचाच. स्वतंत्र चार चौरस मिलिमीटरची तार, वेगळा एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच), १६ अँपिअरचा सॉकेट, आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). खेड्यात अर्थिंगचा खड्डा नीट केला आहे का ते समोर उभं राहून बघा. वायरमन "केलंय साहेब" म्हणतो, त्यावर जाऊ नका.

बादलीने आंघोळ करणाऱ्या घराला १५ लिटर पुरतो. टाकीत ६० अंशांचं १५ लिटर पाणी असलं आणि त्यात २० अंशांचं विसण घातलं, की ४० अंशांचं ३० लिटर होतं, म्हणजे दीड बादली. २ किलोवॅटची कॉइल ते वीस-बावीस मिनिटांत तापवते. शॉवरची सवय असेल तर २५ लिटर घ्या.

तीन लिटरच्या इन्स्टंटबद्दल लोकांच्या भलत्या अपेक्षा असतात. ३ किलोवॅटची कॉइल मिनिटाला सव्वादोन लिटर पाणीच वीस अंशांनी वाढवू शकते. बादली भरायला नऊ-दहा मिनिटं. स्वयंपाकघरातल्या सिंकला उत्तम, आंघोळीला नको.

बोअरचं जड पाणी असेल तर गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो आणि तापायला वेळ लागायला लागतो. आत मॅग्नेशियमची एक कांडी असते, टाकीऐवजी ती झिजते. ती वेळच्या वेळी बदलली तर टाकी टिकते. बहुतेक घरांत ती कांडी आहे हेच माहीत नसतं, थेट टाकी गळते तेव्हा कळतं.

सोलर: उन्हाळ्यात उकळतो, पावसाळ्यात मान टाकतो

देशावर, मराठवाड्यात, विदर्भात स्वतःची गच्ची असेल तर सोलरला तोड नाही. निफाडला पारा पाच अंशांच्या आसपास जातो त्या दिवसांतही आकाश निरभ्र असतं, आणि कडाक्याची थंडी असतानाच सोलर उत्तम चालतो. टाकीला इन्सुलेशन असल्याने रात्रीचं पाणी पहाटेही कढत मिळतं. नरक चतुर्दशीला पहाटे चारला घरातले सात जण पाठोपाठ उटणं लावून बसलेले असतात तेव्हा २०० लिटरची टाकी काय चीज आहे ते कळतं. १५ लिटरच्या गीझरवर त्या दिवशी शेवटच्या माणसाची पहिली आंघोळ सूर्योदयानंतरच होते.

पण विक्रेता "दोन वर्षांत पैसे वसूल" म्हणतो तेव्हा तो वर्षातले सगळे उन्हाचे दिवस मोजतो. एप्रिल-मे महिन्यात टाकीतलं साधं पाणीच दुपारी अंगावर घेववत नाही, तेव्हा सोलरने वाचवलेली वीज तुम्ही वापरणारच नव्हतात. जुलै-ऑगस्टमध्ये गरम पाणी हवं असतं, तेव्हा ऊन नाही. खरी बचत ऑक्टोबर ते मार्च. सहा महिने आणि इकडचे-तिकडचे काही दिवस मिळून वर्षाला नऊ-दहा हजार. २०० लिटरचा नळ्यांचा सोलर, स्टँड, पाइप आणि आवरण मिळून ४५ हजारांपर्यंत गेला तर वसुलीला साडेचार-पाच वर्षं. तरीही सौदा चांगला आहे, फक्त दोन वर्षांच्या गप्पा नकोत. केंद्राची सबसिडी पूर्वी होती, ती केव्हाच बंद झाली. पुण्यासारख्या काही महापालिका मिळकत करात थोडी सूट देतात, ती मात्र विचारून घ्या.

नळ्यांचा की प्लेटचा? काचेच्या नळ्यांचा स्वस्त, आणि जड पाण्यात जास्त तग धरतो, कारण नळी रुंद असते आणि काढून साफ करता येते. तांब्याच्या पाइपांच्या सपाट प्लेटमध्ये क्षार साचले की पाण्याचं फिरणंच बंद पडतं. गोडं नळाचं पाणी असेल तर प्लेट मजबूत, आयुष्य लांब, गारपिटीला आणि माकडांना पुरून उरते. नळ्यांच्या सोलरमध्ये एक नळी फुटली तरी सगळी टाकी रिकामी होते. आणि पाणी नसताना उन्हात कोरड्या तापलेल्या नळ्यांत गार पाणी सोडलं तर त्या तडकतात. टँकर दुपारी आला तर गच्चीवरचा व्हॉल्व्ह संध्याकाळपर्यंत बंद ठेवायचा, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. आमच्याकडे ते शिक्षण तीन नळ्यांच्या किमतीला पडलं.

आता उंच्या. हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि याच वेळी ठरतो. साधा सोलर पंपावर चालत नाही, गरम पाणी हलकं होऊन वर जातं आणि गार पाणी खाली येतं, एवढ्यावर त्याचं सगळं चालतं. त्यात पाणी आपोआप यायला गार पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा वर पाहिजे, म्हणजे गच्चीपासून सुमारे सात फूट. टाकी जिन्याच्या माथ्यावर ठेवली तर हे फुकटात साधतं. टाकी गच्चीवर विटांच्या दोन थरांवर बसवली असेल तर नंतर लोखंडी स्टूल करावं लागतं आणि ते फार वाईट दिसतं. तोंड दक्षिणेला, आणि दक्षिणेच्या बाजूला शेजारी उद्या मजला चढवणार आहे का याची चौकशी आधी करा. हिवाळ्यातला सूर्य खाली असतो, सावली लांब पडते.

दुसरा घोळ प्रेशर पंपाचा. आजकाल वरच्या मजल्यावर शॉवरला जोर यावा म्हणून गार पाण्याच्या लाइनला प्रेशर पंप लावतात. सोलरच्या लाइनला जोर नाही, गारच्या लाइनला आहे, आणि दोन्ही एकाच मिक्सरमध्ये भेटतात. मग गार पाणी गरमच्या लाइनमधून उलटं वर चढतं आणि सोलरची टाकी थंड करून टाकतं. बसवणारे एकमेकांवर ढकलतात. पंप लावायचा असेल तर ते आधीच सांगून प्रेशर सहन करणारा सोलर घ्या, नाहीतर निदान पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाका.

लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाण्यासाठीच्या प्लॅस्टिक पाइपची, ती ९३ अंशांपर्यंत चालते. पांढरी साधी यूपीव्हीसी कुठेही जोडू देऊ नका, "एक फूटच आहे" म्हणाला तरी. सोलरच्या तोंडाशी पहिला तुकडा जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपचा, असलेला बरा, कारण मे महिन्यात तुम्ही आठवडाभर गावाला गेलात की टाकीतलं पाणी उकळीच्या जवळ पोचतं. आणि भिंतीत पाइपसाठी खाच, म्हणजे झिरी, मारल्यावर, पाइप टाकल्यावर, प्लॅस्टरच्या आधी त्यावर काळ्या फोमचं आवरण. त्यासाठी झिरी थोडी रुंद लागते, गवंडी कुरकुरतो. कुरकुरू दे. एक इंची पाइपमध्ये पंधरा मीटरला सहा लिटरच्या वर पाणी उभं असतं, पाऊण इंचीत चार लिटरच्या आत. म्हणून लाइन जवळची आणि उगाच जाड नसलेली हवी. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलेल्या लातूरसारख्या गावात रोज दहा लिटर पाणी मोरीत सोडून गरम पाण्याची वाट बघणं कुणाला परवडणार?

यावर एक तोड आहे. सोलरचं पाणी बाथरूममधल्या गीझरमधून फिरवून नळाला आणायचं. लाइनमधलं गार पाणी आधी गीझरमध्ये जातं, नळाला लगेच ऊन पाणी येतं, आणि ढगाळ दिवशी गीझर फक्त उरलेले अंश भरून काढतो. आत येणारं पाणी किती गरम चालतं ते गीझरच्या कंपनीला विचारून घ्या आणि गरज पडल्यास गीझर वगळून पाणी थेट नळाला नेता येईल असा बायपासचा व्हॉल्व्ह ठेवा. सोलरच्याच टाकीत कॉइल बसवून देतात, ती मी तरी घेणार नाही. दोन बादल्यांसाठी २०० लिटर तापवत बसायचं कशाला?

गॅस गीझर: स्वस्त, चटकन, आणि बाथरूमच्या आत कधीही नाही

चार-सहा हजारांचं यंत्र, दोन मोठे सेल, नळ सोडला की भप्पकन पेटतं. वीज नसली तरी चालतं. बादली तीन रुपयांत. मग अडचण काय?

ते यंत्र खोलीतली हवा जाळतं. बंद बाथरूममध्ये प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते आणि ओरडायच्या आत तो कोसळतो. ओळखीच्या एका घरात कॉलेजातली मुलगी अशी पडली. पाण्याचा आवाज खूप वेळ येतोय म्हणून आईने हाक मारली, उत्तर नाही, दार तोडलं. वाचली. अशा प्रकरणांच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात आणि सगळ्या वाचलेल्यांच्या नसतात. खिडकी आहे, एक्झॉस्ट फॅन आहे, यावर विसंबू नका. फॅन कधीकधी धूर बाहेर जायच्या ऐवजी खाली खोलीत ओढतो.

बसवायचाच तर बाहेर, मोकळ्या ड्राय बाल्कनीत किंवा मागच्या भिंतीला, आणि तिथून गरम लाइन आत. नवं घर बांधताना हे सहज होतं, जुन्या फ्लॅटमध्ये होत नाही, म्हणूनच तो आत बसवला जातो. आणखी एक गोष्ट म्हणजे पाण्याला जोर नसेल तर तो पेटतच नाही. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर हमखास हा त्रास होतो, तळमजल्यावर नीट चालतो. पाइपच्या गॅसची लाइन तुमच्याकडे येणार असेल तर त्यासाठीचं मॉडेल वेगळं असतं, सिलिंडरचंच पुढे चालवू नका.

हीट पंप: पैसे आहेत आणि मेकॅनिक जवळ आहे त्यांच्यासाठी

फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात टाकतो. एक युनिट वीज घेऊन तीन युनिटांच्या आसपास उष्णता देतो. २०० लिटर पाणी तीस अंशांनी वाढवायला गीझरला सात युनिटं लागतात, याला दोन-अडीच. थंड देशांत बर्फाळ हवेत याची ताकद घटते, आपल्याकडे ती अडचण नाही. कोकणातल्या दमट, उबदार हवेत तर तो खूश असतो. पाऊस असो, रात्र असो, चालतो.

किंमत मात्र टाकीसकट लाखाच्या घरात आणि वर जाते. कॉम्प्रेसरचा घुंइं आवाज असतो, बेडरूमच्या खिडकीखाली ठेवू नका. आणि तालुक्याच्या गावी तो बिघडला तर एसीवाला येतो, बघतो आणि "कंपनीचा माणूस बोलवा" म्हणून जातो. पुणे-नाशिकात घ्या, होमस्टे चालवत असाल तर जरूर घ्या, चार माणसांच्या घरासाठी खेड्यात इतक्यात नको, असं माझं मत.

छताची जागा कुणाला द्यायची

२०२४ पासून पंतप्रधान सूर्यघर योजनेत छतावरच्या वीज बनवणाऱ्या पॅनलला पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० आणि तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. यामुळे सगळं गणित थोडं हललं आहे. एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिटं देतो, म्हणजे आपल्या आठ बादल्या. सोलर वॉटर हीटरला जे जमत नाही ते याला नेट मीटरमुळे, म्हणजे घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरमुळे, जमतं, मे महिन्यातली जास्तीची वीज खात्यावर जमा राहते आणि जुलैत गीझरला वापरता येते. नियम अधूनमधून बदलतात, अर्जाआधी महावितरणच्या ऑफिसात विचारून घ्या.

तीन किलोवॅटला तीनशेक चौरस फूट मोकळी गच्ची जाते. जागा एकाचीच असेल तर आज मी वीज बनवणाऱ्या पॅनलला देईन आणि पाणी साध्या गीझरवर दुपारी-सकाळी तापवीन. दोन्हींना जागा असेल आणि बाथरूम सोलरच्या बरोबर खाली येत असेल, तर दोन्ही करीन.

कोकणातलं घर निराळं

आईचं माहेर देवरुखजवळ. उतरतं कौलारू छप्पर, चार महिने धो धो पाऊस, आणि परसात झावळ्या, करवंट्या, नारळाची सोडणं यांचा ढीग. तिथे सोलर बसवायचा म्हणजे कौलांवर चढायचं आणि जून ते सप्टेंबर त्याच्याकडे नुसतं बघायचं. तिथे पडवीच्या टोकाला तांब्याचा बंब आहे. मधल्या नळकांड्यात जाळ, भोवती पाणी, खाली राखेची जाळी, तोटीतून कढत पाणी. दोन करवंट्या आणि मूठभर सोडणं टाकली की घंगाळ भरतं. सोबत वीज असेल तेव्हासाठी एक गीझर. तिथे वीज जातेही बरीच, आणि इन्व्हर्टरवर गीझर चालत नाही. बंब आतल्या मोरीत मात्र ठेवू नका, धूर आणि कार्बन मोनॉक्साइडचं वर सांगितलं ते त्यालाही लागू.

कोरेगावचं काय ठरलं

घरात सहा माणसं, बोअरचं जड पाणी, गच्ची मोठी, दोन्ही बाथरूम एकावर एक, दक्षिणेला शेत. म्हणून नळ्यांचा २०० लिटरचा सोलर, बाथरूमच्या डोक्यावर, पाइप जेमतेम सहा मीटर. टाकी जिन्याच्या माथ्यावर. दोन्हीकडे १५ लिटरच्या गीझरचे पॉइंट, सध्या यंत्र एकच घ्यायचं. उरलेल्या गच्चीवर पॅनलसाठी जागा मोकळी, तिथून मीटरपर्यंत रिकामा पाइप आत्ताच टाकून ठेवायचा. गॅस नाही, हीट पंप नाही.

परवा त्याने व्हॉट्सअॅपवर झिरीचा फोटो पाठवला, काळं आवरण चढवलेली लाइन, बाजूला तोंड वाकडं करून उभा गवंडी. खाली लिहिलं होतं की आईला मागच्या अंगणात बंबासाठी एक नळ हवाय, प्लंबर म्हणतो आता कशाला. मी लिहिलं, तो नळ आधी काढ.